सहीच्या आधीचं अक्षर

शाळेत असताना माझे किती सुटे पैसे बेंगळूरच्या बसमध्ये राहून गेले, ते मला सांगता येणार नाही. कंडक्टरकडे चिल्लर नसली की तो तिकिटाच्या मागं पेनानं आकडा लिहून द्यायचा. उतरताना ते तिकीट दाखवायचं आणि उरलेले पैसे मागून घ्यायचे, अशी इथली रीत. बाकीच्या मुली दारातूनच हाक मारून मागायच्या. मी तिकीट दोन बोटांत असं धरून त्याच्या शेजारून जायची, की त्यानं आपणहून बघावं. तो बघायचा नाही, मी उतरायची. मागं आकडे लिहिलेली तिकिटं माझ्या कंपासपेटीत साठत गेली.

आठवीत मला बसचा पास मिळाला. पास नुसता वर धरायचा, कंडक्टर मान हलवायचा, झालं. कुणाशी काही बोलावं लागायचं नाही. घरच्यांना वाटलं पैसे वाचतात म्हणून मला पास आवडतो.

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांच्याकडची माणसं कितीतरी पिढ्या इथली, त्यामुळे आमच्या मराठीत ‘स्वल्प थांब’ आणि ठीक म्हणायला ‘सरी, सरी’ इतकं मिसळलेलं होतं की ते कानडी आहे हे मला कॉलेजात जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. अण्णा रोख पैशांचे भोक्ते. म्हणजे पैशांपेक्षाही ते देताना होणाऱ्या गप्पांचे. मल्लेश्वरमच्या बाजारात शेवग्याच्या शेंगा घ्यायलाही त्यांना वीस मिनिटं लागायची. नोट हातात धरून ते आधी शेंगवाल्या बाईच्या सुनेची चौकशी करायचे, मग ती नोट द्यायचे. मी दोन पावलं मागं उभी राहून पिशवीच्या बंदाशी खेळत असायची.

मी डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला असताना अण्णा गेले. त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही.

पुढच्या वर्षी मला जे. पी. नगरमधल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही अकरा जण बसायचो. कंपनीनं सगळ्यांची खाती एका नव्या खाजगी बँकेत उघडून दिली आणि आठवड्याभरात पाकिटातून कार्ड आलं. काचेच्या दाराच्या फटीत कार्ड सरकवलं की दार उघडायचं. आत गारवा, एक मशीन आणि कुणीही नाही. चार आकडे दाबायचे. मशीन विचारायचं, किती हवेत. मी दाबायची. ते द्यायचं आणि आभार मानायचं. माझ्यासारख्या मुलीला यापेक्षा चांगली बँक कोण काढून देणार होतं? पहिल्या महिन्यात मी गरज नसतानाही दोनदा शंभर-शंभर रुपये काढून आले.

आईला मी ते सगळं सांगायची. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "आणि कुणी बोलत नाही तुझ्याशी?" मला ती सोय वाटत होती आणि तिला त्यानंच माझी काळजी वाटत होती.

आई बेळगावची. मराठी शाळेत शिकलेली. लग्न होऊन इथं आली तेव्हा कानडी बोलायला येत होतं, पण तिची सही मराठीतच राहिली. अण्णांचं आणि तिचं मल्लेश्वरममधल्या एका सरकारी बँकेत जोडखातं होतं. त्यात अण्णांची पेन्शन यायची आणि आता तिची फॅमिली पेन्शन यायची. अण्णा गेल्यावर त्यांचं नाव खात्यातून काढायचा अर्ज मी टाइप केला, आईनं खाली सही केली, मी तो नेऊन दिला. त्यानंतर आई बँकेत गेलीच नाही. घरखर्चाला मी माझ्या कार्डावर पैसे काढून आणायची आणि चहाच्या डब्यामागं ठेवायची. ती त्यातून घ्यायची. आम्ही दोघी त्याबद्दल बोलत नव्हतो. तिचे स्वतःचे पैसे महिन्यामागून महिना बँकेत तसेच पडत होते आणि ती भाजीवाल्याला माझ्या पैशांतून दहाची नोट काढून देताना ती जरा जास्त वेळ हातात धरायची, हे मला दिसत होतं.

सुमारे वर्षभरानं आमच्या मराठी मंडळातल्या बायकांची बेलूर-हळेबीडची दोन दिवसांची सहल ठरली. पैसे गोळा करायचं काम अक्कांकडे. अक्का मंडळातल्या सगळ्यांच्याच अक्का, सत्तरीच्या, तीन क्रॉस, म्हणजे तीन गल्ल्या, पलीकडे एकट्या राहणाऱ्या. त्यांचे यजमान फार वर्षांपूर्वी गेलेले. जीभ तिखट. त्या घरी आल्या की आई कपाटातले बरे कप काढायची, तरी त्या म्हणायच्या, "कप चांगला आहे गं, चहा असा का?"

अक्कांनी आईला सहलीला चल म्हटलं आणि आई हो म्हणाली. मला आश्चर्य वाटलं. अण्णा गेल्यापासून ती देऊळ आणि बाजार सोडून कुठंही गेली नव्हती. अक्का गेल्यावर तिनं कपाटातून चेकबुक काढलं आणि मला विचारलं, चेक लिहितात कसा. आयुष्यातला तिचा तो पहिला चेक. आजवर चेक अण्णाच लिहायचे. मी तिला मंडळाचं नाव, अक्षरी रक्कम, आकडे, दोन तिरक्या रेघा, सगळं दाखवलं. ती शाळेच्या वहीसारखं एकेक अक्षर काढत होती. सही करताना मात्र ती म्हणाली, "तू जा, गॅसवर दूध आहे." मी दुधाकडे गेले. मी परत आले तेव्हा ती चेक फुंकून वाळवत होती.

आठ दिवसांनी अक्का परत आल्या. चप्पल काढतानाच त्यांचा आवाज खाली आलेला होता, आणि त्यांचा आवाज खाली आला की काहीतरी बिघडलेलं असायचं. त्यांनी पिशवीतून चेक काढला. त्याला बँकेची छापील चिठ्ठी टाचलेली होती.

"परत आला गं," त्या म्हणाल्या. "पैसे नसतील तर सांगायचं होतंस. आपण काय परक्या आहोत? मी भरले असते."

आई म्हणाली, पैसे आहेत. अक्का म्हणाल्या, असतीलच, पण बँक नाही म्हणते त्याला मी काय करू? सहल पुढच्या रविवारची होती, बसवाल्याला आगाऊ द्यायचे होते. शनिवारी संध्याकाळी मी येते, रोख काढून ठेव, चेकबिक आता नको, असं सांगून त्या चहा न घेता गेल्या. चहा न घेता गेल्या हेच आईला जास्त लागलं.

चिठ्ठीवर दहा-बारा कारणं इंग्रजीत छापलेली होती आणि एकापुढं खूण होती. ड्रॉवर्स सिग्नेचर डिफर्स. मी आईला सांगितलं, पैशांचं काही नाही, सही जुळत नाही म्हणतात.

"माझी सही मला जुळत नाही?" आई म्हणाली.

मग तिनं चिठ्ठीपासून सुटा करून चेकचे चार तुकडे केले आणि ते पाणी तापवायच्या चुलीजवळच्या डब्यात टाकले. थोड्या वेळानं भात लावता लावता म्हणाली, मी काही सहलीला जात नाही, कळव अक्कांना. मी म्हटलं, असं काय करतेस, मी उद्या ऑफिसमधून येताना मशीनमधून काढून आणते, दोन मिनिटांचं काम आहे.

"तुझे नकोत," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "तुझेच घेते आहे ना वर्षभर. मला माझे पाहिजे होते."

मला तोवर वाटत होतं की चहाच्या डब्यामागं पैसे ठेवून मी चांगलं काम करते आहे. मग म्हटलं, शनिवारी आपण दोघी बँकेत जाऊ. शनिवारी सकाळी न्हाऊन, साधी निळी साडी नेसून, पिशवीत पासबुक आणि चेकबुक घालून ती माझ्या आधी दारात उभी होती.

वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते. काउंटरशी बोलायचं म्हटलं की माझं अजूनही असंच होतं. आधी इंग्रजीत जुळवायचं, मग कानडीत, आणि तिथं पोचल्यावर दोन्ही विसरायचं. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "काही नाही, मी बोलते." पण तिचा हात पिशवीच्या आत पासबुकावर घट्ट होता.

बँक म्हणजे जुनी बैठी इमारत, उंच पंखे, लाकडी बाकं, पितळी टोकनं. शनिवारची अर्ध्या दिवसाची गर्दी. सह्यांचं टेबल आत होतं. तिथले साहेब पन्नाशीचे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळावर भस्माची पुसट रेघ. त्यांनी आईला आधी बसायला खुर्ची दिली, हे मी लक्षात ठेवलं. मी चिठ्ठी पुढं केली आणि जुळवलेल्या वाक्याचा अर्धा भाग बोलले. बाकीचं त्यांना कळलं. ते उठले, स्टीलच्या लांब ड्रॉवरमधून एक पिवळट कार्ड शोधून काढलं, बरोबर आमची फाईलही आणली आणि दोन्ही आमच्यापुढं ठेवून कार्डावर पेन्सिलीचं टोक टेकवलं.

"इनिशियल एल्लि होय्तम्मा?" त्यांनी आईला विचारलं. इनिशियल कुठं गेलं?

पेन्सिलीचं टोक ‘सौ.’वर होतं.

मला सगळं एकदम कळलं, आणि आईकडे बघवेना.

त्या माणसाला मी हसू शकत नव्हते, कारण माझीही एके काळी हीच समजूत होती. इथं प्रत्येकाच्या नावाआधी एक-दोन अक्षरं आणि टिंबं असतात. कुणाच्या गावाचं, कुणाच्या वडिलांचं. माझ्या वर्गातल्या सगळ्या मुलींच्या आयांना होती. माझ्या आईच्या नावाआधीही एक अक्षर आणि टिंब होतं, तेव्हा ते तिचं इनिशियल, यात शंका घ्यायचं काही कारण नव्हतं. इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या मुलीला सौभाग्यवती कुठून माहीत? तिसरीत शाळेचा एक फॉर्म मी स्वतः भरला आणि आईच्या नावाआधी इंग्रजीत एस ओ डब्ल्यू लिहून टिंब दिलं. सिस्टरनं वर्गात विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, इनिशियल. त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ डुकरीण होतो हे मला मागच्या बाकावरच्या हसण्यातून समजलं. घरी मी कुणाला काही सांगितलं नाही. बारा-तेरा वर्षांची झाल्यावर बेळगावहून आलेल्या एका लग्नपत्रिकेत सगळ्याच बायकांचं इनिशियल एकच कसं, असं अण्णांना विचारलं, तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "ती माझी पावती आहे. मी अजून आहे म्हणून."

आता ती पावती पेन्सिलीच्या टोकाखाली होती.

नियम कुणी सांगत नाही. नवरा गेला की बाई ते अक्षर लिहायचं थांबते. मामाची पत्रं आधी ‘ती. सौ. ताईस’ अशी यायची, अण्णा गेल्यावर पहिलं आलं ते ‘ती. ताईस’. आई त्या एका ओळीवर बराच वेळ थांबली होती. पुढचं पत्र तिनं मला वाचायला सांगितलं. चेकवर सही करताना तिनं मला दुधाकडे का पाठवलं, तेही आता मला समजलं. ते अक्षर गाळून आपलं नाव कसं दिसतं, हे तिनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं असणार.

साहेबांनी फाईलमधला एक कागद वर काढला. मी टाइप केलेला, अण्णांचं नाव काढायचा अर्ज. खाली आईची सही, सौ.सकट. अण्णा गेल्यानंतर महिन्याभरात केलेली.

"हे मी केलं?" आई मराठीत म्हणाली. कुणालाच विचारलं नव्हतं.

मी काहीतरी बोलायला हवं होतं. साहेब, हे इनिशियल नाही. हा मान आहे, तो आता लागत नाही, म्हणून तिनं सोडला. हे मी इंग्रजीत म्हणू शकले असते, व्याकरणासकट. तिथं आमच्यामागं तीन माणसं उभी होती आणि समोर माझी आई बसलेली होती. माझ्या तोंडात ‘सर, दॅट इज नॉट’ इतकं आलंही.

साहेब तोवर आईला समजावत होते. राग नव्हता, बराच वेळ कुणी समजून घेणारं भेटलेलं नसावं अशा आवडीनं ते बोलत होते. म्हणाले, अम्मा, बऱ्याच लोकांचं हे होतं, नाव लिहितात आणि इनिशियल विसरतात. पण सहीत तेच महत्त्वाचं. माझंच बघा, मला तीन आहेत. एक गावाचं, एक आजोबांचं, एक वडिलांचं. ते गाव आता धरणाच्या पाण्याखाली आहे. आजोबांना मी पाहिलेलं नाही. वडील जाऊन पंधरा वर्षं झाली.

"म्हणून काय मी ते काढलं?" ते म्हणाले. "माणूस जातो अम्मा, इनिशियल कुठं जातं?"

हे सगळं कानडीत होतं आणि आईला ते माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. माझं वाक्य पुढं सरकणार इतक्यात टेबलाखाली तिनं माझं मनगट धरलं. जोरात नाही. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं.

तिनं बेळगावी हेल काढून कानडीत विचारलं, मग हे असंच राहिलं तर चालतं का? कायमचं?

साहेबांना प्रश्नच नीटसा कळला नाही. म्हणाले, चालतं म्हणजे काय, तेच तर पाहिजे. सही बदलायची असेल तर फॉर्म आहे, त्यात जुनी सही करायची, शेजारी नवी करायची. त्यांनी फॉर्म काढून ठेवलाही. पण मी सांगेन बदलू नका, ते म्हणाले. वीस वर्षांची सही आहे, छान आहे, आम्हाला वाचता येत नाही तरी ओळखू येते.

आईनं फॉर्म माझ्याकडे सारला. चेकबुक उघडून नवा चेक लिहायला घेतला, ‘सेल्फ’ असा, सहलीची रक्कम आणि वर दोनशे. मला विचारलं नाही, मी शिकवलेलं तिला सगळं लक्षात होतं. सहीच्या जागेवर पेन आलं आणि थांबलं. मी पंख्याकडे बघत होते, म्हणजे तसं दाखवत होते. तिनं ‘स’ काढला. काना दिला, वर दोन मात्रा दिल्या, टिंब दिलं. मग तिचं नाव, अण्णांचं नाव, आडनाव, एका दमात.

साहेबांनी चेक कार्डाशेजारी धरला. एकदा इकडं, एकदा तिकडं पाहिलं.

"सरी," ते म्हणाले.

पितळी टोकन घेऊन आम्ही बाकावर बसलो. आमचा नंबर यायला अर्धा तास लागला. आई टोकन मुठीत धरून होती. फक्त एकदा, समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "तू काय सांगायला निघाली होतीस त्यांना?" मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, "बरं केलंस." माझ्या गप्प राहण्याबद्दल मला शाबासकी मिळाल्याचं मला तरी दुसरं उदाहरण आठवत नाही.

खिडकीतून नोटा मिळाल्यावर तिनं त्या पदराआड धरून पाकिटात घातल्या. घरी येताना मी पुन्हा कार्डाची गोष्ट काढली. म्हटलं, माझ्या बँकेत तुझंही खातं उघडता येईल. सही लागत नाही, चार आकडे लक्षात ठेवले की झालं, तुला कधी कुणाला काही समजावून सांगायला नको. मला खरंच वाटत होतं की आजच्यानंतर तिला ते आवडेल.

"नाव विचारत नाही ते मशीन?" ती म्हणाली.

मी म्हटलं, नाही, हीच तर सोय आहे.

"मग मला काय उपयोग?" आई म्हणाली आणि फुलवालीपाशी थांबून देवासाठी वीतभर मोगरा घेतला. पैसे देताना तिनं फुलवालीला तिच्या गुडघ्याबद्दल विचारलं. मी दोन पावलं मागं होते.

एकच काळजी उरली होती, आणि ती तिलाही होती. बँकेत कुणाला मराठी वाचता येत नव्हतं. मंडळात सगळ्यांना येत होतं. रोख रक्कम देण्यात ती एक बरी गोष्ट होती, नोटेवर देणाऱ्याचं काही लिहिलेलं नसतं. दुपारी आईनं पाकीट टेबलावर काढून ठेवलं आणि चेकबुक कपाटात, साड्यांच्या खाली सरकवलं.

संध्याकाळी अक्का आल्या. या वेळी चहाला थांबल्या. आईनं पाकीट पुढं केलं. त्यांनी ते न उघडता पिशवीत टाकलं आणि विचारलं, "काय झालं होतं मग? की मी विचारायचं नाही?"

आई म्हणाली, "इनिशियल राहिलं होतं."

"तुला कसलं इनिशियल?" अक्का म्हणाल्या. "तू काय इथली अय्यंगारीण आहेस?"

आईनं बशीतला चमचा सरळ केला. मला वाटलं ती विषय बदलेल. मीच बदलायच्या तयारीत होते, साखर हवी का, असं काहीतरी विचारून. पण आई म्हणाली, "पहिलं अक्षर. नावाआधीचं. ते कार्डावर आहे, तर ते इनिशियलच म्हणतात. काढू नका म्हणाले." आणि मग, खाली बघत, "मी नाही काढलं."

अक्कांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा मी इतकी वर्षं बघत होते, पण त्यांना शब्द सापडत नाहीत असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या आता काय म्हणतील याची मी जी काही कल्पना केली, ती सगळी वाईट होती. आई तशीच बसून होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

"पोस्टात माझं बुक आहे," अक्का अखेर म्हणाल्या. "हे गेले त्या साली तिथला बाबू बदलून नवीन आला. मला विचारलं, अम्मा, हे पहिलं अक्षर काय? मी म्हटलं, ‘सौ’, आमच्या गावाचं नाव."

त्या जराशा हसल्या. "सौंदत्ती समजला असेल तो. बावीस वर्षं झाली. चार बाबू बदलले. अजून आमचं गाव तेच आहे."

आईनं वर पाहिलं. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मला उठून जावंसं वाटलं, कारण ते माझ्यासाठी नव्हतं. पण मी दार आणि टेबल यांच्या मधल्या खुर्चीत अडकलेली होते.

मग अक्कांनी पिशवीत हात घालून पाकीट काढलं आणि आईपुढं ठेवलं.

"हे ठेव, वाटेत लागतील. हळेबीडला दगडी मूर्ती बऱ्या मिळतात," त्या म्हणाल्या. "मला चेकच दे. बसवाल्याला तोवर मी माझे देते."

आई म्हणाली, "अहो, चेकवर ते..."

"वाचणारी मीच ना?" अक्का म्हणाल्या. "मंडळाच्या वतीनं बँकेत मीच भरते. माझ्यानंतर तो कानडी क्लार्क. आण."

आई उठली, आत गेली. साड्यांच्या खालून चेकबुक काढल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. ती परत आली, पेन उघडलं आणि अक्कांच्या समोर, टेबलावर, मला कुठंही न पाठवता, लिहायला बसली.